वेतनाचा हिशेब कोणी द्यावयाचा?

महिन्याची सात तारीख जवळ आली की आमच्या चऱ्होलीचे रूप पालटते. वाण्याच्या दुकानात उधारीच्या वह्या उघडतात, खाणावळवाले मागील महिन्याची बेरीज मांडून बसतात, आणि ज्यांनी ज्यांनी घरामागे खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत ते सर्व, आम्हीही त्यांतलेच, त्या दिवशी संध्याकाळी अंगणात जरा अधिक वेळ रेंगाळतात. इंद्रायणीच्या काठचे, आळंदीच्या शेजारचे हे गाव पूर्वी सुगीवर वर्ष मोजीत असे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. भोसरी व चाकण येथील कारखान्यांत जाणारी माणसे येथे बिऱ्हाड करून राहिली. आणि आता वाघेश्वराच्या टेकडीखालील या गावाचा महिना पगारावर सुरू होतो व पगारावर संपतो. तारीख सातच का, यास कारण आहे. हजारांहून कमी माणसे असलेल्या कारखान्याने मागील महिन्याचे वेतन सातव्या दिवसाच्या आत द्यावे असा नियम १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने घातला होता. २०१९ साली संमत झालेली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली जी वेतनसंहिता, तिने मासिक वेतन घेणाऱ्या सर्वांसच तो लागू केला आहे.

पूर्वी हा पगार पाकिटातून येत असे. कारखान्याच्या कचेरीस एक खिडकी असे, खिडकीमागे एक कारकून असे, आणि पाकिटावर आकडे लिहिलेले असत. आकडा कमी दिसला तर त्याच खिडकीशी तोंड घालून विचारता येई. कारकून कित्येकदा खेकसे, कित्येकदा वही उघडून दाखवी. पण विचारावयास एक तोंड होते. आज पाकीट गेले, खिडकी गेली. फोन किणकिणतो, बँकेत रक्कम जमा झाल्याचा निरोप येतो, आणि पगारपत्रक एका कुलूपबंद कागदाच्या रूपाने फोनवरच उतरते. हजेरीपासून बँकेपर्यंतचा सर्व हिशेब संगणकावरील सॉफ्टवेअर करते. या सॉफ्टवेअरविषयी चार शब्द आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. कारण आज असे घर विरळा की ज्यातील एखादा मुलगा, सून अथवा पुतण्या या यंत्राकडून वेतन घेत नाही, किंवा स्वतः त्या यंत्रापुढे बसून दुसऱ्यांचे वेतन काढीत नाही.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका भाडेकरूमुळे. आमच्या मागील खोलीत लातूरकडील एक गृहस्थ सहकुटुंब राहतात. चाकणच्या बाजूस एका लहानशा कारखान्यात ठेकेदारामार्फत ते लेथवर काम करतात. थोड्या महिन्यांपूर्वी, सात तारखेच्या रात्री, ते फोन हातात धरून आमच्या ओसरीवर आले. भाडे पुढे ढकलण्याविषयी बोलावयाचे असेल असे आम्हांस वाटले. पण ते म्हणाले, “गुरुजी, मी तीन दिवस कामावर नव्हतो असं यात लिहिलंय. मी महिन्यात एकसुद्धा खाडा केला नाही. सुपरवायझर म्हणतो, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय. ठेकेदार म्हणतो, सिस्टिमच्या पुढं माझं काय चालतंय? तुम्ही जरा वाचून बघता का?”

आम्ही चष्मा लावून तो कागद पाहिला. शाळेत असताना अनेक वर्षे आम्ही पगारबिले लिहिली. तरीही सांगावयास संकोच वाटतो की त्या कागदातील निम्मी अक्षरे आम्हांस लागली नाहीत. मासिक वेतन १८,२०० रुपये, आणि ‘एल.ओ.पी.’ या तीन अक्षरांपुढे २,१०० रुपयांची वजावट, एवढेच काय ते कळले. त्या गृहस्थांच्या मुलीची शाळेची फी त्याच आठवड्यात भरावयाची होती. आम्ही घरात हाक मारली आणि धाकट्या बंधूंच्या सुनेस बाहेर बोलाविले. ती भोसरीच्या एका कारखान्यात याच खात्यात नोकरीस आहे.

तिने तो कागद क्षणभर पाहिला व त्या गृहस्थांस विचारले, “दादा, तुमच्याकडे हजेरीला बोट लावायचं यंत्र आहे ना? तुमची बोटं बघू.” त्यांनी हात पुढे केला. वर्षानुवर्षे तेलकट पाण्यात आणि लोखंडाच्या किसात काम करून बोटांच्या टोकांवरील रेषा जवळजवळ पुसून गेल्या होत्या. तेव्हा ती आम्हांस म्हणाली, “काका, दादा कामावर आले की नाही हे यंत्राला ठाऊकच नसतं. त्यांचं बोट उमटलं की नाही, एवढंच त्याला ठाऊक. ज्या दिवशी उमटलं नाही त्या दिवशी त्याच्या लेखी खाडा.”

पुढे दोन-तीन रात्री जेवणानंतर बसून तिने हे सर्व प्रकरण आम्हांस समजावून दिले. ते आमच्या शब्दांत येणेप्रमाणे. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याचे एक पान असते. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याचा दिवस, मूळ वेतन, निरनिराळे भत्ते, बँकेचे खाते आणि फंडाचा क्रमांक त्यात एकदाच भरून ठेवतात. दररोजची हजेरी दारावरच्या यंत्रातून येऊन त्या पानास मिळते. कोणाची पाळी कोणती, कोणाची रजा मंजूर, कोणी जादा तास काम केले, हे त्यात मिसळते. जादा तासांस दुप्पट दर लागतो. मग महिनाअखेर वजावटी होतात: भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, ज्यांचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्याकडून राज्य विमा योजनेचे पाऊण टक्का, ज्यात मालक आपले सव्वातीन टक्के घालतो, व्यवसायकर, प्राप्तिकर, आणि घेतलेली उचल. जे उरते त्याची एक यादी बँकेकडे जाते व दुसरी पगारपत्रके होऊन फोनवर जाते. दोनशे माणसांचे हे काम पूर्वी दोन कारकुनांस आठवडाभर पुरे. आज ते एका दुपारी होते.

यात जादू काही नाही. यंत्र बेरीज-वजाबाकी चुकत नाही ही त्याची थोरवी. पण बेरीज कशाची करावयाची हे त्यास कोणीतरी सांगावे लागते, आणि सारे मर्म त्या सांगण्यात आहे. वरील तीन खाड्यांचेच उदाहरण घ्या. एका दिवसाचे वेतन किती? १८,२०० रुपयांस २६ ने भागले तर ७०० येतात. ३० ने भागले तर ६०७ च्याही आत राहतात. तीन दिवसांस पहिल्या रीतीने २,१०० रुपये कापले जातात, दुसऱ्या रीतीने १,८२०. साप्ताहिक सुट्टीचे वेतन वेगळे धरावयाचे की महिन्यातच मोजावयाचे यावर भाजक ठरतो, आणि दोन्ही रीती प्रचारात आहेत. गैरहजेरी जेवढ्या प्रमाणात, वजावट त्याच प्रमाणात, त्याहून अधिक नव्हे, एवढी मर्यादा कायद्याने घातली आहे. परंतु २६ की ३० हा प्रश्न यंत्र विचारीत नाही. ज्या दिवशी सॉफ्टवेअर बसविले त्या दिवशी कोणीतरी एका चौकटीत एक आकडा भरला, आणि त्यानंतर शेकडो घरांत दरमहा येणारा पैसा त्या चौकटीप्रमाणे येऊ लागला.

दुसरे उदाहरण व्यवसायकराचे. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषाकडून महिन्यास २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षास २,५०० रुपये घेतले जातात. स्त्रियांस मात्र एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही. आता एखाद्या मुलीच्या पानावर ‘स्त्री’ या जागी चुकून ‘पुरुष’ भरले गेले, तर यंत्र मोठ्या निष्ठेने दरमहा तिचे २०० रुपये कापीत राहील. गणित बिनचूक, आणि अन्यायही बिनचूक!

तिसरे उदाहरण नव्या संहितेचे असून ते प्रत्येक नोकरदार घरास लागू आहे. पूर्वी कित्येक ठिकाणी मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून उरलेली रक्कम भत्त्यांत वाटून देत, जेणेकरून फंडात भर थोडी पडावी. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या अशी की, घरभाडे इत्यादी वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरावयाची. ढोबळ मानाने पाहू. कोणास एकूण २०,००० रुपये मिळतात; त्यांत मूळ वेतन व महागाई मिळून ९,००० आणि भत्ते ११,०००. निम्मे म्हणजे १०,०००. भत्ते त्याहून १,००० रुपये अधिक. म्हणून वेतन १०,००० धरले जाईल. फंडाचे १२ टक्के १,०८० रुपयांऐवजी १,२०० होतील. हाती पडणारा पैसा १२० रुपयांनी घटेल, पण फंडात त्याचे १२० व मालकाचे १२० अशी भर पडेल. उपदान, ज्यास लोक ग्रॅच्युइटी म्हणतात, तेही शेवटच्या वेतनावर मोजतात: वेतनास २६ ने भागून १५ ने गुणावे व सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. १३,००० रुपये वेतन व वीस वर्षे सेवा, तर दीड लाख रुपये. तेव्हा ‘मूळ वेतन’ या चौकटीतील आकडा हा केवळ या महिन्याचा नसून म्हातारपणाचा आहे, हे विसरू नये. पगार कमी का आला म्हणून ज्या घरांत कुरकुर झाली असेल, तेथे कागद पुढे घेऊन ही एक बेरीज करून पाहावी.

आमचा सारा जन्म संस्कृत शिकण्या-शिकविण्यात गेला. म्हणून हा प्रश्न समजू लागताच आम्ही सवयीने जुन्या ग्रंथांकडे वळलो. कौटिलीय अर्थशास्त्रात भृत्यांच्या भरणपोषणाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मंत्री, पुरोहित, सेनापती आदींस ४८,००० पण, तेथपासून उतरत उतरत सर्वांत हलके काम करणाऱ्यास ६० पण अशी वेतनाची उतरंड दिली असून, नोकरांवरचा एकूण खर्च राज्याच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शात बसवावा असे सांगितले आहे. कामावर असता कोणी मृत्यू पावला तर त्याच्या बायकामुलांस अन्नवेतन द्यावे, हेही तेथेच आहे. दुसऱ्या एका प्रकरणात, वेतन आधी ठरलेले नसेल तर शेतकाम करणाऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा व व्यापाऱ्याच्या माणसास विक्रीचा दहावा भाग द्यावा असा नियम घातला आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत वेतन न देणे हे एक स्वतंत्र पद आहे. सभापर्वात तर नारदमुनी युधिष्ठिरास राज्यकारभाराविषयी जे प्रश्न विचारतात त्यांत, सैन्यास अन्न व वेतन योग्य वेळी मिळते ना, हा एक आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नारदाने हा प्रश्न कोठीवाल्यास विचारला नाही, लेखकास विचारला नाही, राजास विचारला. हिशेब कोणीही लिहो, उत्तर देण्याचा भार कोणावर, हे त्यावरून उघड होते.

येथे कोणी असे समजू नये की, पूर्वीचा हाताचा हिशेब सोन्याचा होता व यंत्राने तो बिघडविला. आमचीच गोष्ट सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी ज्या शाळेत आम्ही होतो तेथील पगारबिल लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. एका शिपायाची वार्षिक वेतनवाढ एका महिन्याच्या बिलातून पुढच्या बिलात उतरवावयाची आमच्याकडून राहून गेली. अकरा महिने त्यास जुनाच पगार मिळाला. वेतनवाढीचा आकडा लहान. पण त्याच काळात त्याने मुलीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढले होते. चूक सापडल्यावर थकबाकी मिळाली. व्याज कोणी दिले नाही. आम्ही त्यास विचारले, “अरे, तू बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “गुरुजी लिहितात म्हणजे बरोबरच असंल, असं वाटलं.” हे वाक्य आजही आठवले की मनास बोचते. आज लोक ‘सिस्टिममध्ये तसंच आहे’ म्हणून गप्प बसतात. तेव्हा ‘गुरुजी लिहितात’ म्हणून गप्प बसत. गप्प बसणे तेच.

शिवाय वेळेची बचत ही काही थोडी गोष्ट नव्हे. जगात व्यापारी कामास संगणक प्रथम जुंपला तो एखाद्या तोफांच्या कारखान्याने नव्हे, तर लंडनच्या लायन्स नावाच्या एका चहा-केक विकणाऱ्या मंडळीने. त्यांनी ‘लिओ’ नावाचे स्वतःचे यंत्र बांधून १९५१ साली त्यावर बेकरीचा हिशेब चालविला, आणि १९५४ पासून कामगारांचे पगारही त्यावर काढू लागले. एका कामगाराचा पगार मांडावयास अनुभवी कारकुनास आठ मिनिटे लागत. ते काम यंत्राने दीड सेकंदात केले. आज आपल्या फोनवर जो कागद उतरतो त्याचे मूळ चहाच्या दुकानात आहे, हे ऐकून आमच्या घरातील मुले खूप हसली.

परंतु जेथे मोठमोठ्या सरकारांनी यंत्र बसविले व माणूस दूर केला, तेथे काय घडले तेही पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात आरोग्यखात्याच्या सुमारे ८०,००० लोकांसाठी मार्च २०१० मध्ये नवी वेतनप्रणाली सुरू केली. परिचारिका, डॉक्टर, रात्रपाळी, सुट्टीची पाळी यांचे नियम इतके गुंतागुंतीचे होते की कोणास थोडे मिळाले, कोणास अधिक, कोणास काहीच नाही. ते निस्तरण्याचा खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर जाईल असा अंदाज झाला व २०१३ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ नावाची प्रणाली सुरू केली. तिजवर सुमारे २,९०,००० नोकरांचे वेतन अवलंबून होते; त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या वेतनात गोंधळ झाला. नव्या यंत्राने खर्च वाचेल या भरवशावर वर्षानुवर्षे पगार काढणारी जाणती माणसे आधीच कमी केलेली होती. चूक ओळखावयासही कोणी उरले नाही. आगीतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव त्या यंत्रास देणाऱ्यांनी आगीचा विचार केला नसावा.

दूर कशास जावे? आपल्या राज्यातील शिक्षकांचे वेतन ‘शालार्थ’ नावाच्या प्रणालीतून निघते. आम्ही तोवर सेवानिवृत्त झालो होतो; पण २०१८ च्या आरंभी ती प्रणाली बंद पडली आणि हजारो शिक्षकांची बिले पुन्हा कागदावर करावी लागली, हे आमच्या अनेक स्नेह्यांस आठवत असेल. त्याहून बोधप्रद गोष्ट २०२५ सालची. नागपूर विभागात खोटे शालार्थ क्रमांक तयार करून अपात्र व्यक्तींच्या नावे वेतन काढल्याचे प्रकरण उघडकीस आले. शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांस अटक झाली व तपासासाठी विशेष पथक नेमले गेले. त्याचा निवाडा न्यायालये करतील. आमचा मुद्दा एवढाच की, यंत्रास क्रमांक दिला की ते वेतन देते. क्रमांकामागे शिक्षक आहे की नाही हे पाहण्याचे काम त्याचे नव्हे. कौटिल्याने सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत. संगणक त्यास ठाऊक नव्हता, पण माणूस ठाऊक होता.

आता आमच्या भाडेकरूंकडे वळू. सूनबाईने त्यांस सांगितले की तोंडी बोलू नका, अर्ज लिहा, तारखा घाला, एक प्रत ठेकेदारास, एक मूळ कारखान्याच्या कचेरीस द्या व आपल्या प्रतीवर पोच घ्या. ठेकेदाराने वेतन न दिले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यात हे तत्त्व होते व नव्या संहितेतही आहे. अर्ज आम्ही लिहून दिला. पण तीन दिवस कामावर असल्याचा पुरावा काय? तेव्हा त्यांस आठवले की प्रत्येक पाळीच्या शेवटी सुपरवायझर एका कागदावर कोणी किती नग काढले ते लिहून सही करतो. ते कागद कचेरीत बांधून ठेवलेले होते. ज्या तीन तारखांस यंत्राने खाडा मांडला होता, त्या तिन्ही तारखांस त्यांच्या नावापुढे नगांचा आकडा होता. नग तयार झाले, गाडीत भरून गेले, आणि ते करणारा माणूस गैरहजर!

पुढील महिन्यात २,१०० रुपये थकबाकी म्हणून आले. कारखान्याने त्यांची आणखी बोटे यंत्रात नोंदवून घेतली आणि असा नियम केला की, बोट उमटले नाही तर त्याच पाळीत सुपरवायझरने हजेरीवर सही करावयाची. मुलीची फी मात्र त्यांनी एका सोबत्याकडून उसने घेऊन भरली. आणि एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली. ते जुने कागद चाळताना असे दिसून आले की आणखी दोघांचे खाडे असेच लागले होते. एकाचे दोन महिने, दुसऱ्याचे त्याहून अधिक. त्यांनी विचारलेच नव्हते. त्यांतील एकजण तर ‘येथे पगार पुरत नाही’ म्हणून नोकरी सोडून गावी परत गेला होता. त्याचा पत्ता कचेरीत आहे की नाही, हे आमच्या भाडेकरूंस सांगता आले नाही.

यावरून दोन पक्षांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्यांच्या घरचे कारखाने, दवाखाने, शाळा अथवा दुकाने आहेत व ज्यांनी हे सॉफ्टवेअर घेतले आहे किंवा घेणार आहेत, त्यांनी पहिले दोन-तीन महिने जुना हिशेब व नवा हिशेब शेजारी शेजारी चालवावा आणि फरक पडेल तेथे कारण शोधावे. भाजक कोणता, जादा तासांचा दर कोणता, रजा कशी मोजावयाची, हे एका कागदावर मराठीत लिहून भिंतीस लावावे. पैसे बँकेत जाण्यापूर्वी दोन दिवस हजेरी प्रत्येकास दाखवावी. चूक आधी सुधारणे सोपे, मागाहून थकबाकी देणे अवघड व अपमानाचे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, पगारपत्रकाच्या तळाशी एका माणसाचे नाव असावे: शंका असल्यास यांस भेटावे. यंत्राने खिडकी बंद केली आहे. ती मालकाने पुन्हा उघडली पाहिजे.

वेतन घेणाऱ्यांनी पगाराच्या निरोपावर समाधान न मानता पत्रक उघडून वाचावे. कामाचे दिवस आपल्या मोजणीशी जुळतात काय, मूळ वेतन किती धरले आहे, फंडाची रक्कम खरोखर खात्यात पडते काय, प्रत्येक वजावटीचे कारण आपणांस ठाऊक आहे काय, एवढे चार प्रश्न पुरेत. फंडाचा हिशेब सरकारच्या पासबुकावर पाहता येतो. नोकरी सुटल्यास उरलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळावे असा आता नियम आहे, हेही ध्यानात असू द्यावे. एकत्र कुटुंबात एकाने दुसऱ्याचे पगारपत्रक पाहणे आजच्या तरुणांस रुचत नाही, आणि ते आम्हांस समजते. पण वाचावयाचे कसे, हे जाणत्याने एकदा शिकविण्यास हरकत नसावी. आमच्या घरी आता सात तारखेनंतरच्या रविवारी सूनबाई ओसरीवर बसते, आणि आसपासच्या खोल्यांतील पाच-सहाजण आपापले फोन घेऊन येतात. कुलूप कसे उघडावयाचे येथपासून आरंभ असतो.

असो. हा लेख लिहीत असताना परवा स्वयंपाकघरात पाणी प्यावयास गेलो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन तारखांभोवती पेन्सिलीने गोल काढलेले दिसले. आमच्याकडे पोळ्या करावयास ज्या बाई येतात त्यांचे ते खाडे. महिना संपला की आमच्या घरातून ते मोजले जातात व पैसे कापले जातात. गेली कित्येक वर्षे हा प्रघात आहे. आम्ही विचारले, “दिवसाचे पैसे काढताना तीसने भागता की सव्वीसने?” कोणास सांगता आले नाही. एक तारीख तर अशी निघाली की त्या दिवशी आम्हीच सर्व लग्नास गेलो होतो व घराला कुलूप होते. बाई दारापर्यंत येऊन परत गेल्या होत्या. त्या कधी काही बोलल्या नाहीत. तो गोल आम्ही पुसून टाकला, आणि मागील महिन्यांच्या पानांवर असे आणखी किती आहेत ते पाहावयास दिनदर्शिका खुंटीवरून खाली काढली.